लुटुपुटूचं धरण

शैला,

दहाव्याला रामकुंडावर कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून तुझा मुलगा जेमतेम मागे सरकला असेल. गुरुजी म्हणाले, "बाईंची काही इच्छा राहिलेली नाही. तृप्त होऊन गेल्या." तुझ्या नणंदेने डोळे पुसले, सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. पण गुरुजींना नववी ब माहीत नाही, आणि कावळ्याला माहीत असण्याचं काही कारण नाही.

घरी जाऊन अंघोळ केली आणि शाळेत आले. रजा टाकली होती, तरी आले. तुझे तास कुणाकुणाला वाटायचे हे पर्यवेक्षिका म्हणून मलाच ठरवायचं होतं, आणि मी रजेवर असले तर ते काम दुसरं कुणी करत नाही. वेळापत्रकाच्या तक्त्यावर तुझं नाव नुसतं 'शै. प.' असं आहे. त्या चौकटींवर कागद चिकटवून नवीन नाव लिहायचं, एवढंच काम. आठवीच्या चौकटी चिकटवल्या. नववी ब ची तशीच ठेवली. का ठेवली ते पुढे सांगते.

शोकसभा त्याआधीच उरकली होती. तू नव्हतीस ते बरं झालं, तुला हसू आवरलं नसतं. बोलणाऱ्या प्रत्येकाने तुला 'उपक्रमशील शिक्षिका' म्हटलं. तू म्हणायचीस, उपक्रमशील म्हणजे जिला जास्तीचं काम दिलं तरी चालतं ती. "पगार बाईंनी मुलांना खेळातून घडवलं," असं मोठे सर गहिवरून म्हणाले. हेच मोठे सर तुझ्या त्या धरणाच्या खेळाला भातुकली म्हणाले होते, तुझ्यासमोर आणि माझ्यासमोर. तुझं तोंड कसं झालंय ते बघायला मी मान वळवली. सवयीने. शेजारच्या खुर्चीवर चित्रकलेचे सर होते. त्यांना वाटलं, मला पाणी हवंय. उठून घेऊन आले बिचारे. मी प्यायले.

पोरांपैकी कुणी बोललं नाही. एकाला उभं केलं होतं, तो दोन वाक्यं पाठ म्हणून खाली बसला. त्यापेक्षा त्यांनी तुझा तो जुना विनोद केला असता तर बरं वाटलं असतं. तू व्हरांड्यात दिसलीस की दर वर्षीची नवी आठवी कुजबुजायची, "पगार आला, पगार आला." आणि तू वर्गात शिरता शिरता म्हणायचीस, "आला, पण कापून आला."

खेळ तुझ्या डोक्यात कसा शिरला ते मला चांगलं आठवतं. सिंचनाचा धडा झाल्यावर एका पोराने पेपरात लिहिलं होतं, 'कालव्यामुळे सर्व गावांना सारखे पाणी मिळते.' तू तो पेपर घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिलीस.

"वैजू, याला मी पूर्ण मार्क दिलेत."

"मग?"

"उत्तर बरोबर आहे गं. गोष्ट खोटी आहे."

"मग धडा परत शिकव."

"शिकवून कळत असतं तर हे लिहिलं असतं का त्याने?"

पुढच्या आठवड्यात तू वर्गात खरं पाणी आणलंस. अर्धा चिरलेला पाइप बाकांवरून नागमोडी फिरवला, वरच्या टोकाला बादली, प्रत्येक बाक म्हणजे एक गाव, आणि प्रत्येक गावासमोर पाइपला एक भोक. भोक मोकळं करायचं की बोटाने दाबून पाणी पुढे जाऊ द्यायचं, हे गावाने ठरवायचं. पोरांनी काय ठरवलं ते खालच्या ऑफिसात कळलं. छतातून ठिबकायला लागलं. शिपाई मामा वर येऊन म्हणाले, "बाई, तुमचं धरण फुटलं."

मग चिंचोके आले. ही सूचना माझी होती, याची नोंद असावी. पाण्याऐवजी परातभर चिंचोके. ती परात घेऊन फिरणारा एक पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा माणूस. प्रत्येक गावाने आधी पीक सांगायचं: द्राक्षं, कांदा, हरभरा. द्राक्षाला ओंजळभर चिंचोके, हरभऱ्याला चिमूटभर. परात धरणापासून निघाली की पहिल्या बाकाने हवे तेवढे घ्यायचे, मग दुसऱ्याने, असं शेवटपर्यंत. पहिल्या बाकांना सगळे तोंड म्हणायचे आणि शेवटच्यांना टेल, पाटावर म्हणतात तसंच. पुरेसे चिंचोके मिळाले नाहीत की पीक जळालं. पीक जळालं की उभं राहायचं. परातीत किती आहेत हे कुणालाच सांगायचं नाही.

आणि जागा बदलायच्या नाहीत. ज्याचा बाक टेलला, तो शेवटच्या फेरीपर्यंत टेललाच. आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि संपलं नाही.

मी म्हणायचे, "अर्ध्या खेळानंतर पालट की त्यांना. तीच पोरं तास संपेपर्यंत उभी राहतात."

"गाव उठून दुसरीकडे जातं का?"

"गाव नाही जात. पण ही गावं नाहीत, शैला, पोरं आहेत. शिकायला आली आहेत."

"शिकतातच आहेत."

"तोंडाशी बसलेली काय शिकतात? फुकट द्राक्षं लावायला?"

यावर तू डब्यात मान घालायचीस. फारच चिडलीस तर सटाण्याकडचं माहेर बाहेर यायचं. "मले माहीत शे," एवढंच म्हणून डब्याचं झाकण लावायचीस. आणि मी सुटले म्हणत गणिताच्या वह्या तपासायला घ्यायचे.

मागच्या वर्षीची आठवी ब. त्या तासाला मी मागच्या भिंतीशी उभी होते, तासाचं निरीक्षण लिहायचं म्हणून. लिहिलं काहीच नाही.

टेलच्या गावात ओम होता, गिरणाऱ्याकडून बसने येणारा. पीक दोनदा जळालं होतं, पाय दुखत होते. तिसरी फेरी सुरू होणार तेवढ्यात त्याने हात वर केला.

"बाई, एक विचारू का? सोयरीक चालंल का?"

"कसली सोयरीक?"

"आमच्या गावची पोरगी तोंडाच्या गावाला द्यायची. मग ते आमचे पाहुणे झाले. पाहुण्याला पाणी नाय म्हणता येत नाय, बाई. लय वाईट दिसतं."

वर्ग खदखदून हसला. मला वाटलं, आता तू त्याला बसवशील. तू म्हणालीस, "नाही चालत असं मी कुठं म्हटलंय?"

झालं. तोंडाच्या गावचा अथर्व लगेच आखडला. मांडीवर मांडी टाकून बसला. "मुलगी काय करते?"

"शिकतीय. आणि पाणी भरती."

"देण्याघेण्याचं काय?"

"देण्यासारखं असतं तर पाणी मागितलं असतं का, पाव्हणं?"

बाकं आपटली पोरांनी. सुपारी म्हणून एक चिंचोका फोडायला घेतला. मीसुद्धा हसत होते, ते लपवायचं कारण नाही. मध्यस्थ झाले, तारीख निघाली, प्रत्येक फेरीला किती चिंचोके सुटतील ते ठरलं. सगळं जमलं, आणि मग टेलच्या गावात मुलगी एकच आहे हे लोकांच्या लक्षात आलं. तन्वी. ती उभीच होती, पीक जळालेलं होतं ना.

"मला विचारलं का कुणी?" ती म्हणाली.

ओम खरोखर गोंधळला. "अगं, गावासाठी आहे."

"मग तू जा. घरजावई हो."

पुन्हा हसणं. पण या वेळी ते लवकर ओसरलं. टेलकडची बाकीची गावंही तिच्याकडे वळली, कारण त्यांनाही त्या सोयरिकीतून थोडंफार मिळणार होतं. "बाई, ही गावाचं नुकसान करतीय." "तन्वी, हो म्हण ना, सगळ्यांची पिकं वाचतील." "लुटुपुटूचंच तर आहे!" तिची मैत्रीणसुद्धा म्हणाली, "म्हणून टाक ना गं." तन्वीचं तोंड लाल झालं होतं.

"लुटुपुटूचं असलं तरी मी नाही म्हणते."

घंटा झाली. तू परात उचललीस आणि वर्गाबाहेर पडलीस.

शिक्षकांच्या खोलीत मी तुला गाठलं. "एक वाक्य तरी बोलायचंस."

"कोणतं?"

"की हे चूक आहे. की मुलीला आधी विचारतात. की कायद्याने वय लागतं."

"ते तिने सांगितलं ना."

"वर्गाने ऐकलं का?"

"आज नाही ऐकलं," तू म्हणालीस आणि चहा ओतून घेतलास. मला तेव्हा तुझा इतका राग आला की मी माझा कप तसाच ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तन्वीचे वडील आले. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, माणूस सकाळी दुकान न उघडता आला होता, यावरून काय ते समजावं. तू वर्गावर होतीस, म्हणून माझ्यासमोर बसले.

"मॅडम, भूगोलाच्या तासाला माझ्या मुलीचं लग्न लावता तुम्ही?"

"लावलं नाही. मुलांनी खेळात ठरवलं होतं. तुमच्या मुलीने नाही म्हणून सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"आईवर गेलीय," म्हणाले. मग पुन्हा राग आठवला. "पण असं ठरवायचंच कसं? आणि मुलगा कोण म्हणे?"

ही गोष्ट मी तुला सांगितली तेव्हा आपलं बोलणं बंद होतं, तरी तू हसलीस. मग हसल्याचा तुला राग आला.

तक्रार लेखी आली. मोठे सर म्हणाले, "ही भातुकली बंद करा." खेळ थांबवण्याच्या सूचनेवर मी सही केली. आजही करीन. एका मुलीवर अख्खा वर्ग चालून जातो आणि शिक्षक परात घेऊन निघून जातात, हे मला चालत नाही. मी तुला दोन अटी घातल्या: अर्ध्यावर जागा बदलायच्या आणि शेवटची दहा मिनिटं बोलायचं. कोण काय वागलं, का वागलं, कुणाला काय वाटलं. दुसरी अट तू पुढे कधीतरी कबूल केलीस, तोंड वाकडं करून का होईना. पहिली नाही. त्यामुळे खेळ बंदच राहिला, आणि आपण दोघी एकाच टेबलावर वेगवेगळे डबे खात राहिलो.

मधल्या काळात तो शाळांना पडद्यावरचे खेळ विकणारा कंपनीवाला येऊन गेला, आठवतं? मोठ्या पडद्यावर धरण, निळं पाणी, बोट लावलं की दार उघडतं, गावं हिरवी होतात नाहीतर पिवळी पडतात. मला ते आवडलं होतं. प्रत्येक मुलाला प्रत्येक गाव चालवता येतं, छत गळत नाही, कुणाचं लग्न ठरत नाही. तू पोरांच्या मागे उभी राहून बघितलंस आणि त्याला विचारलंस, "सगळी गावं पिवळी पडली की काय करायचं?"

"हे बटण दाबा, मॅडम. सगळं पहिल्यासारखं."

"म्हणूनच नको," तू म्हणालीस.

तो गेल्यावर मी तुला म्हटलं, वैमानिकांनाही आधी खोट्या विमानात बसवतात. डॉक्टरांना आधी बाहुल्यावर शिकवतात. चुका करायच्या त्या तिथेच करून घ्याव्यात, त्यात वाईट काय? तू म्हणालीस, "विमानाला चालेल गं. चूक झाली तर विमान पडतं, हे आत बसलेल्याला ठाऊक असतं. तोंडाच्या गावाला आपली चूक झाली हेच कळत नाही. त्याचं पीक मस्त आलेलं असतं." मला लगेच उत्तर सुचलं नाही. तुझ्याशी भांडताना माझं हे नेहमीचंच.

मग तू आजारी पडलीस. त्याबद्दल लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना काय करायचंय? मी यायचे, डबा आणायचे, तू खायची नाहीस, मी तो परत घेऊन जायचे. दोघी थकलेल्या. तू दुखण्याने, मी शाळा, घर आणि दवाखाना यांच्यामधल्या सिग्नलांनी. बोलण्यासारखं फार नसायचं. त्यातल्याच एका दुपारी तू आपणहून म्हणालीस, "आमचं गाव पाटाच्या तोंडाशी."

मी इतकी वर्षं उलटंच धरून चालले होते. मला वाटायचं, एवढी टेलची बाजू घेते म्हणजे टेलकडचीच असणार.

"आम्हाला पाणी कधी मागावं लागलं नाही," तू म्हणालीस. "वर्गात खालच्या गावची एक मुलगी होती. उन्हाळा लागला की शाळेत यायची नाही. आम्ही तिला आळशी म्हणायचो. बाईसुद्धा म्हणायच्या. मोठी होऊन नकाशा शिकवायला लागले तेव्हा लक्षात आलं की तिचं गाव आमच्याच पाटावर होतं."

तू आजारी होतीस, पण मी संधी सोडली नाही. "मग तर जागा बदलायलाच हवी! तुला त्या वयात एक तास कुणी टेलला बसवलं असतं तर?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप लागली.

"एक तास बसून मला वाटलं असतं, मला कळलं," तू म्हणालीस. "ते जास्त वाईट, वैजू."

तेवढ्यात नर्स आली, मला बाहेर काढलं. उत्तर मला गंगापूर रोडला वळल्यावर सुचलं, सिग्नलला. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुला बोलण्याची शक्ती नव्हती, आणि नंतरचं तर आता सगळं झालंच. तर ते उत्तर इथे सांगते: चुकीचं कळलं तर दुरुस्त करता येतं. काहीच कळलं नाही तर दुरुस्त काय करणार? हे तुला ऐकवायचं राहिलं. तू यावरही काहीतरी म्हणाली असतीस. ते काय, हे मी गाडी चालवताना शोधत असते आणि सापडत नाही.

आता नववी ब. मागच्या वर्षीची आठवी ब म्हणजेच ती. तू गेल्यावर शाळा पुन्हा सुरू झाली त्या दिवशी तन्वी आणि ओम दोघं माझ्या केबिनच्या दारात उभे. मला वाटलं, हार-फुलांसाठी वर्गणी काढायची परवानगी हवी असेल.

"बाई, आमचा खेळ अर्धा राहिलाय," तन्वी म्हणाली.

"कोणता खेळ?"

"पगार बाईंचा. त्या म्हणाल्या होत्या, बऱ्या झाल्या की पूर्ण करू."

हे तू मला सांगितलं नव्हतंस. माझ्या सहीची सूचना असताना तू माझ्या पाठीमागे पोरांना शब्द दिला होतास. बघ, मेल्यावरसुद्धा तुझा राग यायची सोय करून ठेवलीस.

"नवीन बाई येतील, त्यांना सांगा."

"त्यान्ला नाय माहीत कोण कुठलं गाव," ओम म्हणाला.

"मलाही नियम नीट माहीत नाहीत."

"आमाला हायेत ना माहीत."

म्हणून ती चौकट कागद न चिकटवता ठेवली. तो तास मी घेतला. मोठ्या सरांना विचारलं नाही.

तुझ्या कपाटातून परात काढली, चिंचोके काढले. पोरं आपापल्या गावात जाऊन बसली, कुणाला सांगावं लागलं नाही. टेलची पोरं तर आल्या आल्या उभीच राहिली, कारण मागच्या वर्षी पीक जळालेलंच होतं. ते बघून मी जरा वेळ फळ्याकडे तोंड केलं. खडू शोधत होते.

"बाई, आधी ते लग्न रद्द करा," तन्वी म्हणाली.

"आमी कवाच मोडलं," ओम म्हणाला. "पोरगीच तयार नाय म्हटल्यावर."

एक फेरी तुझ्या पद्धतीने झाली. टेलला नेहमीसारखंच. मग मी म्हटलं, "आता जागा बदला. टेल इकडे, तोंड तिकडे." गोंधळ झाला, बाकं सरकली, दप्तरं फेकाफेकी झाली. ओम धरणापाशी बसला आणि विचार न करता ओरडला, "द्राक्षं!" तन्वीनेही द्राक्षं सांगितली. टेलच्या सगळ्यांनी द्राक्षं सांगितली. मी बघत होते. मला वाटलं होतं, टेलला राहिलेली पोरं जरा जपून घेतील. त्यांनी दोन्ही हातांनी घेतले. परात मधल्या बाकांपर्यंत पोहोचली तेव्हा पाटकरी तिचा तळ वाजवत होता.

अथर्व आता टेलला. त्याचं पीक जळालं, तो उभा राहिला आणि तिथूनच म्हणाला, "बाई, हा अन्याय आहे. परात टेलपासून निघाली पाहिजे. पहिलं पाणी शेवटच्याला, मग वर वर. तसं केलं तर सगळ्यांना पुरेल."

योजना चांगली होती. सगळ्यांना कळलं, चांगली होती.

"मागच्या वर्षी का नाही सुचलं?" तन्वीने विचारलं.

अथर्वने उगीच काही बनवून सांगितलं नाही. म्हणाला, "मागच्या वर्षी मी तिथे होतो."

शैला, मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, जिंकले मी. जागा बदलल्या म्हणूनच हे वाक्य त्याच्या तोंडून आलं. तू असतीस तर मी तुझ्याकडे बघितलं असतं, नुसतं बघितलं असतं, आणि तू डब्याचं झाकण लावलं असतंस.

तोच अथर्व लगेच पुढे म्हणाला, "आता कळलं ना, बाई. जाऊ का परत जागेवर?"

आणि मग तू माझ्याकडे बघितलं असतंस.

"तू बस तिथंच," तन्वी म्हणाली.

त्यानंतर जे भांडण लागलं ते मी आवरलं नाही. परात टेलपासून काढायची की नाही, यावर हात वर करायला सांगितले, तर ओमने स्वतःचा हात दुसऱ्या हाताने खाली धरला. "बाई, आत्ता कुठं द्राक्षं लावलीत आमी." कुणीतरी म्हणालं, द्राक्षं लावायचीच कशाला सगळ्यांनी. कुणीतरी म्हणालं, मग तू लाव हरभरा. तन्वी कुणाच्याच बाजूने नव्हती. ती म्हणत होती की आधी प्रत्येक गावाला विचारा, किती लागतं ते. तिला कुणी बोलू देत नव्हतं, तरी ती बोलत होती. शेवटची दहा मिनिटं मी माझ्यासाठी राखून ठेवली होती, मुद्देसुद्धा काढले होते. ती दहा मिनिटं त्यांनीच वापरली. मला बोलायची पाळीच आली नाही. मग ओम माझ्याकडे वळला. "बाई, तुमीच सांगा, टेलपासून काढलेलं नियमात बसतं का?"

तुझ्या खेळात काय बसतं आणि काय नाही, हे मला कधीच कळलेलं नाही. मी म्हटलं, "नियम करणाऱ्या बाई वारल्या. आता तुम्हीच ठरवा."

हे वर्गात पहिल्यांदाच कुणीतरी असं सरळ म्हटलं असावं. मग अथर्व म्हणाला, "आज नाही होणार, बाई. अजून एक तास लागेल." आणि सगळ्यांनी एकदम माना हलवल्या. तासाभरात त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

ही बातमी मोठ्या सरांपर्यंत पोहोचली आहे. बंद केलेला खेळ पर्यवेक्षिकेनेच घेतला, तोही न विचारता, म्हणून उद्या बोलावलंय. नवीन भूगोलाच्या बाई सोमवारी रुजू होणार, तर तो तास त्यांना देऊन टाका आणि हे प्रकरण मिटवा, असं त्यांचं म्हणणं असणार. खरं सांगू, मला दमल्यासारखं झालंय. तुझ्या दुखण्यातली धावपळ, रामकुंड, शाळा. तास देऊन टाकायला मला काही वाटलं नसतं, एरवी.

पण नाही देणार. नववी ब ला अजून तास हवाय, तो त्यांना मिळेल, आणि त्यासाठी जे भांडायचं ते मी भांडेन. पोरांना उभं ठेवण्यावरून भांडेन, पडद्यावरच्या बटणावरून भांडेन, सगळं तुझ्या बाजूने. फक्त जागा बदलण्याचा मुद्दा सोडून. त्यात मी बरोबर होते, शैला. अर्धी तरी होते. आणि अर्धी कशी, हे सुनावायला तू समोर नाहीस, याचा मला फार राग येतो.

वैजू